आईचा टी-स्कोअर उणे २.२ : औषधाविना हाडं किती भरून येतात?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आई ५७ वर्षांच्या, साताऱ्यात शाहूपुरीत राहतात, पाळी जाऊन आठ वर्षं झाली. डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे २.२ आला आणि खुब्याचा उणे १.८. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिलं, हाडांच्या औषधाचं वर्षभराने बघू म्हणाले. आई रोज पहाटे अजिंक्यतारा किल्ला चढतात, चहा सोडला तर कसलं व्यसन नाही. तरी हाडं विरळ कशी झाली, आणि गोळ्या न घेता आकडा वर नेता येईल का?

ताई, मी साताऱ्यात बावीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे. हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बायकांची संख्या दरवर्षी वाढते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तर. आकडा थोडा वर जाऊ शकतो, आणि आहे तिथे धरून ठेवणं बहुतेकींना जमतं. पण उणे २.२ चा वर्षभरात उणे १ करून देतो असं कुणी म्हणत असेल तर त्याच्या नादी लागू नका. टी-स्कोअर म्हणजे आईंच्या हाडांची ऐन तारुण्यातल्या निरोगी हाडांशी केलेली तुलना. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ यांच्या मधला पट्टा ऑस्टिओपेनियाचा, म्हणजे हाड विरळ होऊ लागलंय. उणे २.५ आणि त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. या स्कोअरमधला पूर्ण एकचा फरक म्हणजे ढोबळ मानाने घनतेतला दहा-बारा टक्क्यांचा फरक. उत्तम व्यायामाने वर्षभरात घनता दोन-तीन टक्के वाढली तर स्कोअर जेमतेम पाव आकड्याने सरकतो. ऐकायला हे फारच कमी वाटतं. पण काहीच न करणाऱ्या बाईचं हाड या वयात दरवर्षी अर्धा-एक टक्का कमी होत असतं. त्यामुळे दहा वर्षांनी दोघींमध्ये पडणारं अंतर मोठं असतं.

हाड जिवंत असतं हे आपण विसरतो. त्यात सतत मोडतोड आणि बांधकाम चालू असतं. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड कुरतडतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या खड्ड्यात नवं हाड भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी असा नव्याने बांधला जातो. तिशीच्या आसपासपर्यंत भर जास्त पडते, मग दोन्ही बाजू काही वर्षं बरोबरीत राहतात. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं संप्रेरक कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालत असतं. पाळी गेली की तो आवर सुटतो आणि पहिली पाच-सात वर्षं हाड झपाट्याने जातं. आईंचा हा सगळ्यात वाईट उतार बहुधा मागे पडला आहे. म्हणजे आता केलेले कष्ट वाया जाणार नाहीत.

आता अजिंक्यताऱ्याबद्दल. आईंना हे वाचून वाईट वाटेल, पण नुसत्या चालण्याने हाडाची घनता फारशी वाढत नाही. चढण चढणं हृदयाला चांगलं, मांड्यांना चांगलं, तोल राखायला चांगलं, मन प्रसन्न राहायला तर फारच चांगलं. ते मुळीच सोडू नका. मात्र हाड नवा भार आला तरच नवं बांधतं. वर्षानुवर्षं तोच रस्ता, तोच वेग, तेच अंगाचं वजन, तर हाडाला वाटतं आहे तेवढं पुरे. अंतराळात वजनच जाणवत नाही, तिथे अंतराळवीरांच्या खुब्यातलं हाड महिन्याला एक-दीड टक्क्याने कमी होतं. उलट टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळायच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड सापडतं. हाड ताणाला उत्तर देतं, आणि ताण थोडा वेळ पण जोराचा असला तर जास्त चांगलं उत्तर देतं. पोहणं आणि सायकल यांचा हाडाला म्हणूनच फार उपयोग होत नाही. अंगाचा भार दोन्हींत उचलला जातो तो पाण्यावर किंवा सीटवर.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी पेशंटना नेहमी सांगते. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका त्यात होत्या. निम्म्या बायकांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली खरोखर जड वजनं उचलली आणि उड्या मारून जमिनीवर पाय आपटले. बाकीच्यांनी घरी हलका व्यायाम केला. वजन उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. त्या बायकांचं सरासरी वय पासष्ट होतं. आपल्याकडे पन्नाशीच्या बाईला पहिला सल्ला मिळतो तो ‘आता जड काही उचलू नका’ हा. मला या सल्ल्याची फार चीड येते. त्याने बायका वीस वर्षं आधीच म्हाताऱ्या होतात.

आईंनी सुरुवात कशी करावी ते सांगते. आधी एकदा पाठीचा बाजूने एक्स-रे काढून घ्या. मणका दबल्याचं कधीकधी दुखतही नाही, आणि तसं असेल तर पुढचं सगळं बदलतं. मणके धड आहेत आणि बीपी आटोक्यात आहे हे कळलं की पहिले सहा आठवडे फक्त पद्धत शिकायची.

सगळ्यात आधी खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं आणि सावकाश बसणं. दहा वेळा सहज जमलं की छातीशी दोन किलोची पिशवी धरून. मग वाकून उचलायला शिकायचं, जिमवाले ज्याला डेडलिफ्ट म्हणतात ते. पाठीला लांब काठी लावून ती डोकं, पाठ आणि माकडहाड अशी तिन्हीकडे टेकलेली ठेवायची आणि काठी न सुटता खुब्यातून वाकायचं, गुडघे किंचित मोडून. हे एकदा अंगवळणी पडलं की स्टुलावर ठेवलेली पाच किलोची तांदळाची पिशवी अंगाजवळ घेऊन उचलायची आणि तशीच परत ठेवायची. जमिनीवरून लगेच नको. त्यानंतर दोन हातांत पाण्याच्या एकेक लिटरच्या बाटल्या घेऊन खांद्यापासून डोक्यावर सरळ नेणं. पालथं झोपून, हात अंगालगत ठेवून छाती जमिनीपासून चार बोटं उचलणं. यात पाठीचे स्नायू तयार होतात आणि पुढे पोक यायचं टळतं. आणि माझा सगळ्यात आवडता व्यायाम, स्वयंपाकाच्या ओट्याला हात धरून चवड्यांवर उंच व्हायचं आणि टाचा धप्पकन खाली सोडायच्या. तो झटका टाचेपासून खुब्यापर्यंत जाणवला पाहिजे. दहा झाले की थांबायचं, दिवसातून चार-पाच वेळा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक फेरी होते.

वजन किती घ्यायचं? आठ-दहा वेळा उचलताना शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात. पंधरा वेळा गप्पा मारत उचलता येत असेल तर ते हाडासाठी कमीच. दर दोन आठवड्यांनी अर्धा-एक किलो वाढवा. दहा-बारा किलोपर्यंत घरच्या पिशव्या पुरतात, पुढे जिम लागते. आता साताऱ्यात जिमची कमतरता नाही, पण आपल्या बायका तिथे जाऊन ट्रेडमिलवर चालतात. ट्रेनरला डेक्साचा रिपोर्ट दाखवा आणि वजनांकडे वळा. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे, मधे एक दिवस विश्रांती. स्नायू दोन दिवस दुखले तर घाबरू नका. सांध्यात किंवा मणक्यात टोचल्यासारखी कळ आली तर मात्र थांबा आणि दाखवा.

इथे मला हमखास विचारतात, मॅडम, शेतातल्या बायका तर जन्मभर ओझी वाहतात, मग त्यांची हाडं का मोडतात? प्रश्न रास्त आहे. कोरेगाव, खटाव, माण या भागांतून माझ्याकडे येणाऱ्या आज्यांची पाठ पाहिली की उत्तर समजतं. भांगलायला तासन् तास कमरेत वाकून बसणं म्हणजे हाडाला भार देणं नव्हे. डोक्यावरचं ओझं असतं, पण खाणं सगळ्यांत शेवटी आणि उरलेलं. चार-पाच बाळंतपणं, प्रत्येक लेकराला दीड-दोन वर्षं अंगावर पाजलेलं, आणि त्या काळात वेगळं काही खायला नाही. त्यात मशेरी. तंबाखू हाडाला वाईटच. सकाळी मशेरी लावली नाही तर पोट साफ होत नाही म्हणणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्यात, आणि ती सुटल्याशिवाय बाकीच्या उपायांना पूर्ण फळ येत नाही हे मी त्यांना स्पष्ट सांगते.

आता खाणं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेशंटला मी आदल्या दिवशीचं सगळं खाणं विचारून बेरीज करते. दोन-तीन कप चहातलं दूध, ज्वारीची भाकरी, भाजी, आमटी, भात. एवढ्यात तीनशे-चारशेच्या पुढे आकडा क्वचित जातो. ज्वारी उत्तम धान्य, पण तिच्यात कॅल्शियम फार थोडं. सगळ्यात जास्त मनाला लागतं ते गोठ्यात दोन म्हशी असणाऱ्या घरचं. पहाटे धार काढणारी तीच, दूध डेअरीला घालणारी तीच, आणि तिच्या वाट्याला कोरा चहा. अशा घरी मी सासूला नाही, थेट मुलाला किंवा नवऱ्याला बोलावून सांगते, की आईचा एक पेला दूध डेअरीला जाण्याआधी बाजूला निघाला पाहिजे.

आईंची बेरीज अशी जमू शकेल. पेलाभर दूध, म्हणजे २०० मिली, यातून सुमारे २४० मिलिग्रॅम. साय काढली तरी कॅल्शियम जात नाही, त्यामुळे वजनाची किंवा कोलेस्टेरॉलची काळजी असेल तर सायीशिवाय प्या. मोठी वाटीभर दही, साधारण २००. ताक चालेल पण घट्ट, कारण पातळ ताकात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. एक नाचणीची भाकरी, पीठ ५० ग्रॅम धरलं तर १७०-१८०. भाजलेल्या तिळाची चटणी दोन चमचे, सुमारे १२०. राजगिऱ्याची, शेवग्याच्या पाल्याची किंवा मेथीची भाजी, दीडशेच्या आसपास. हे झाले नऊशेच्या आगेमागे, उरलेलं बाकीच्या जेवणातून येतं. पालकावर मात्र भिस्त ठेवू नका. त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे पालकातलं कॅल्शियम अंगी फारच थोडं लागतं. राजगिऱ्याच्या पाल्यातही ऑक्झॅलेट असतं, म्हणून शेवगा आणि मेथी जास्त वेळा करा. आणि माणदेशातलं हुलग्याचं माडगं आठवतं का? हुलग्यात शंभर ग्रॅमला अडीचशेहून जास्त मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, शिवाय प्रथिनंही. थंडीत आठवड्यातून दोनदा माडगं झालं तर किती बरं होईल.

प्रथिनांकडे तर कुणाचं लक्षच नसतं. वजनाच्या मानाने हाडाचा मोठा भाग कॅल्शियम-फॉस्फेटचा असला तरी ते ज्या जाळ्यावर बसतं ते जाळं प्रथिनाचं. जाळं कमकुवत असेल तर नुसतं कॅल्शियम ओतून काय होणार? आईंचं वजन ५५ किलो धरलं तर रोज ५५-६० ग्रॅम प्रथिनं हवीत. त्यासाठी दोन्ही जेवणांत घट्ट वरण, उसळ किंवा पिठलं असावं, अंडी चालत असतील तर रोज दोन अंडी. सोयाबीन आपल्या सातारा-सांगलीच्या शेतांत खरिपाला भरभरून पिकतं आणि सगळं बाजारात जातं. त्यातलं भाजलेलं सोयाबीन दहा किलो गव्हात एक किलो घालून दळून आणा. कोरेगावचा वाघ्या घेवडा तर आपल्या दारचाच, त्याची उसळ आठवड्यातून दोनदा करायला हरकत नाही. उपवास असतील तर साबुदाण्यात हाडाला उपयोगी असं जवळजवळ काही नाही. राजगिरा आणि दूध घ्या. मीठ जास्त खाल्लं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, म्हणून खर्डा, पापड आणि लोणचं हे तिन्ही एकाच ताटात नको.

उन्हाबद्दल मोठा गैरसमज आहे. सकाळी सातचं कोवळं ऊन ड जीवनसत्त्वासाठी जवळपास निरुपयोगी. त्यासाठी लागणारे अतिनील किरण त्या वेळी आपल्यापर्यंत पुरेसे पोचतच नाहीत. अंगणात उभं राहून सावली बघायची. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर त्या उन्हाचा उपयोग नाही, आखूड असेल तर आहे. म्हणजे साधारण अकरा ते दोन-अडीच. हात कोपरापर्यंत आणि पाय पोटरीपर्यंत उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. काचेतून येणारं ऊन चालत नाही. आई पहाटे गडावर जातात आणि उजाडता उजाडता परत येतात, त्यामुळे इतकं चालूनही ड कमी निघालं असेल तर नवल नाही. गच्चीवर वाळवणं घालायची वेळ हीच. पावसाळ्यात आपल्याकडे दोन-दोन आठवडे सूर्य दिसत नाही, तेव्हा आणि रक्तातलं प्रमाण मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं ड जरूर घ्यावं. उणीव भरून काढायला घेतलेलं ड म्हणजे हाडांचं औषध सुरू झालं असं समजू नका. मात्र ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक, ठरवून दिलेल्या आठवड्यांपुरतंच. वर्षाचा डोस एकदम घ्यायचा मोहही नको. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिल्यावर त्यांचं पडणं आणि हाड मोडणं दोन्ही वाढलं होतं.

गव्हाच्या दाण्याएवढा चुना खाण्याचा निरोप फोनवर फिरत असतो. तेवढ्या ओल्या चुन्यात कॅल्शियम फार तर वीस-पंचवीस मिलिग्रॅम, आणि तोंडा-घशाला भाजण्याचा धोका वर. चमचाभर तीळ त्याहून कितीतरी सरस.

योगासनं करत असाल तर पुढे वाकायची आसनं बंद ठेवा. पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कारातलं हात पायाला लावणं, या सगळ्यांत मणक्याची पुढची बाजू दाबली जाते आणि विरळ मणका तिथेच चेपतो. भुजंगासन, वीरभद्रासन, वृक्षासन अवश्य करा. वृक्षासन तर तोलासाठी फार मोलाचं. दात घासताना बेसिनला एक बोट टेकवून एका पायावर उभं राहण्याचा सराव पेशंटकडून मी करून घेतेच.

तोलावर इतका भर देण्याचं कारण सांगते. खुब्याचं हाड मोडतं ते बहुतेक वेळा पडल्यामुळे, आणि वयस्कर माणसाचा खुबा मोडला तर अनेक देशांतल्या अभ्यासांप्रमाणे पाचातलं एक माणूस वर्षभरात दगावतं. घनता दोन टक्के वाढायला वर्ष लागतं. न्हाणीघरातली गुळगुळीत फरशी खडबडीत करून भिंतीला दांडी बसवायला एक दिवस पुरतो. रात्री उठताना दिवा लागेल असं करा, दारातलं घसरणारं पायपुसणं काढा, मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसू नका. झोपेची गोळी किंवा उठल्यावर चक्कर आणणारी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी बोला.

झीज नुसत्या वयामुळेच आहे ना, हेही एकदा तपासून घ्या. थायरॉइड, कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), ड जीवनसत्त्व आणि साधा रक्ततपास एवढं तरी झालेलं असावं. सांधेदुखीच्या ज्या पुड्या गावोगाव ‘देशी औषध’ म्हणून विकल्या जातात त्यांत कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. आराम लगेच पडतो आणि हाडं आतून पोखरली जातात. आईंनी कधी त्या घेतल्या असतील तर लपवू नका. आणि हे वाचणाऱ्या ज्या बहिणींची गर्भपिशवी पस्तिशी-चाळिशीत काढली आहे त्यांनी जुने कागद शोधून अंडाशयंही काढली होती का ते बघावं. काढली असतील तर हाडांची झीज तेव्हापासूनच सुरू झालेली असते आणि डेक्सासाठी साठीची वाट बघून चालणार नाही.

औषध नको हा आईंचा हट्ट त्यांच्या आजच्या आकड्यांवर मला मान्य आहे. पण काही गोष्टी घडल्या तर तो हट्ट सोडावा लागेल. साध्या पडण्याने मनगट, खुबा किंवा मणका मोडला, टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला, किंवा इतर आजारासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घ्याव्या लागल्या, तर औषध घ्यावं. मोडलेल्या मणक्यानंतर पुढचा मणका मोडण्याची शक्यता बरीच वाढते, आणि तिथे नाचणी आणि व्यायाम एकटे पुरे पडत नाहीत. व्यायाम आणि आहार औषधासोबतही तितकेच लागतात. माझ्या एका पेशंट काकूंनी दुसरा मणका चेपेपर्यंत औषध नाकारलं, आणि त्यांना समजवायला मी कमी पडले याची खंत मला अजून आहे.

पुढची डेक्सा एक ते दोन वर्षांनी, शक्यतो त्याच मशीनवर करा. मशीन बदललं तर दोन रिपोर्टची तुलना करता येत नाही, आणि एकाच मशीनवरही दोन-तीन टक्क्यांपर्यंतचा फरक मोजण्यातलाच असू शकतो. शिबिरात टाचेवर लावून मोजतात त्या यंत्राचा आकडा या हिशेबात धरू नका. तोवर घरी एक करा. आईंना अनवाणी भिंतीला टाचा लावून उभं करा, डोक्यावर पुस्तक आडवं धरून भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. दर सहा महिन्यांनी, सकाळच्याच वेळी, पुन्हा मोजा. खूण दोन सेंटीमीटर खाली सरकलेली दिसली तर पाठ दुखत नसली तरीही एक्स-रे काढून घ्या.